गॅरेजमधला टी-टाइम

अमेरिकेत सेटल झालेल्या मराठी माणसाचं घर बघायचं असेल, तर लिव्हिंग रूममध्ये बसू नका. तिथे सगळं कॅटलॉगमधल्या फोटोसारखं चकाचक असतं. खरं घर असतं ते गॅरेजमध्ये! तिथे कार सोडून सगळं सापडतं. मागच्या गणपतीचं मखर, बासमतीची गोणी, इंडियातून आणलेल्या आणि अजून न उघडलेल्या दोन बॅगा, बर्फ उपसायचं फावडं आणि गेल्या डिसेंबरात घेतलेली, आता कपडे वाळत घालायला वापरली जाणारी ट्रेडमिल.

मध्यंतरी सव्वा महिना मी न्यू जर्सीला माझ्या मावसबहिणीकडे होते. तिच्या गॅरेजमध्ये या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध एक विचित्र वस्तू उभी होती. खाली काळा रबरी पाट, त्यातून वर आलेला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला रबराची वाटी. समोर माणसाच्या उंचीची जाळी.

‘ताई, हे काय गं?’ मी विचारलं.

‘तो टी आहे,’ ती म्हणाली.

‘मग दे की अर्धा कप!’

हा जोक या घरात येणारा प्रत्येक पाहुणा करतो म्हणे. तेव्हा कुणी हसलं नाही. असो.

तर मंडळी, हा चहावाला टी नव्हे. हा बॅटिंग टी. गोल्फमध्ये बॉल ठेवायला छोटी खुंटी असते ना, तिचा हा उंच भाऊ. वाटीत बेसबॉल ठेवायचा, बाजूला उभं राहायचं आणि बॅट फिरवायची. बॉल जाळीत जातो. पुन्हा ठेवायचा, पुन्हा मारायचा. बस्स. ना बॅटरी, ना ब्लू-टूथ, ना अॅप. साधा टी वीस-तीस डॉलरमध्ये मिळतो. मुलांच्या बॅटला याच्या कित्येक पट मोजणारे पालक टी घेताना मात्र म्हणतात, ‘याचा काय उपयोग? बॉल तर हलतच नाही!’

बॉल हलत नाही, हाच त्याचा उपयोग. पण ते कळायला आमच्या जीजूंना एक अख्खा महिना लागला.

आपला मोज्यातला बॉल आठवतोय?

खरं तर ही आयडिया आपल्याला नवीन नाही. टेनिस बॉल जुन्या मोज्यात घालायचा, नाडी बांधून बाल्कनीच्या गजाला किंवा पार्किंगच्या पाइपला लटकवायचा आणि ठोकत बसायचं, हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी केलंय. (उरलेल्या अर्ध्यांनी वरच्या मजल्यावरून त्याबद्दल ओरडा केलाय.) बोलर मिळत नसला की हाच आपला बोलर. तिकडे ऑस्ट्रेलियात बाउरल नावाच्या गावात डॉन ब्रॅडमन नावाचा एक मुलगा गोल्फचा बॉल पाण्याच्या टाकीच्या विटांच्या ओट्यावर आपटून, उलटा आलेला बॉल स्टम्पने मारत बसायचा. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

अमेरिकेत बेसबॉलची सुरुवातच मुळी टीवर होते. तिथल्या मुलांच्या बेसबॉलचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लिटल लीग. १९३९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसाने आसपासची मुलं जमवून ती सुरू केली. आज तिचा पसारा कित्येक देशांत आहे. यात चार ते सात वर्षांची पिल्लं खेळतात ते ‘टी-बॉल’. म्हणजे बॉल टाकणारा पिचर नाही. टीवर बॉल ठेवायचा, मारायचा आणि पळायचं. कधी कधी चुकीच्या दिशेला पळायचं! माझी चार वर्षांची भाची तर एकदा बॉल मारून थेट आजीकडे पळत आली होती.

पण तिच्या दादाचं, म्हणजे माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याचं प्रकरण सीरियस होतं.

बादलीत पाय

आठ-नऊ वर्षांनंतर टी जातो आणि समोर पिचर येतो. तोही नऊ वर्षांचाच! म्हणजे बॉल कुठे जाईल याची त्यालाही गॅरंटी नसते. लिटल लीगच्या मैदानावर पिचर ४६ फुटांवर असतो. आपल्या क्रिकेटच्या पिचपेक्षा तब्बल २० फुटांनी जवळ. त्याने ताशी ४५ मैलांनी बॉल फेकला, तरी मारणाऱ्याकडे पाऊण सेकंदसुद्धा नसतो. त्यात टप्पा नाही. बॉल हवेतूनच अंगावर येतो. आणि ‘सोडून दे रे’ म्हणायची सोय नाही. बॉल प्लेटवरून, काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला की स्ट्राइक. असे तीन झाले की घरी.

एप्रिलमधल्या पहिल्याच मॅचमध्ये भाच्याला बरगडीत बॉल लागला. फार नाही, निळं पडलं आणि आठवड्यात गेलं. पण मनातलं काही गेलं नाही. पुढच्या मॅचपासून पिचरचा हात फिरला की याचा पुढचा पाय प्लेटपासून लांब पळायला लागला. अंग मागे, बॅट पुढे. अमेरिकन कोच याला ‘बादलीत पाय टाकणं’ म्हणतात. पाय बादलीत गेला की बाहेरून जाणारा बॉल बॅटच्या टप्प्यातच येत नाही. तीन मॅच झाल्या, सात वेळा बॅटिंग मिळाली, सहा वेळा स्ट्राइक आऊट. एकदा तर बॅट खांद्यावरून हललीच नाही. लिटल लीगचा नियम आहे की टीममधल्या प्रत्येक मुलाला मॅचमध्ये किमान एकदा तरी बॅटिंग मिळालीच पाहिजे. नियम छानच आहे. पण ज्याला बॅटिंग नकोच आहे, त्याच्यासाठी ती शिक्षा होते.

चौथ्या मॅचच्या आदल्या रात्री त्याने जेवताना सांगून टाकलं, ‘मला नाही खेळायचं.’

ताईने जीजूंकडे बघितलं. जीजूंनी वरणाकडे.

कारण जीजूंचाही प्रॉब्लेम होता. जीजू पुण्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून मोठे झाले. सरळ बॅट, डावं कोपर वर, बॉल खाली दाबून मारायचा, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बेसबॉल त्यांना टीव्हीवर सुद्धा कळत नाही. टीममधल्या इतर मुलांचे बाबा संध्याकाळी अंगणात मुलांशी सहज कॅच खेळतात. ते स्वतः त्याच लीगमधून आलेले असतात. आमचे जीजू मुलाला घेऊन मैदानावर जायचे, खुर्ची उघडायचे आणि लॅपटॉपसुद्धा उघडायचे. एकदा मला म्हणाले, ‘अगं, त्याला क्रिकेटमधलं काहीही विचारू दे, मी सांगतो. पण हे... मी काय सांगू?’

परदेशात मुलं वाढवणाऱ्या आईबाबांना हा क्षण कधी ना कधी गाठतोच. मुलाच्या आयुष्यातली एखादी महत्त्वाची गोष्ट अशी निघते, जिच्यात बाबांना शून्य कळतं आणि मुलाला ते ठाऊक असतं. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर प्रश्न बेसबॉलचा कमी आणि याचाच जास्त होता.

ताईने तोडगा काढला. ‘सीझन पूर्ण कर. मग सोड.’ आणि दुसऱ्या दिवशी टी आला.

एक्सेल शीट आली रे आली!

आता जीजू पडले प्रोजेक्ट मॅनेजर. ज्या गोष्टीतलं आपल्याला कळत नाही, तिची एक्सेल शीट करायची, हा त्यांचा (आणि तुमच्या बॉसचाही) स्वभाव. रोज संध्याकाळी साडेपाचला शंभर स्विंग. चार कॉलम: चांगला, बरा, वाईट, मिस. शेवटी टक्केवारी. आठवड्याचा ग्राफसुद्धा!

जीजू टीच्या मागे उभे राहून प्रत्येक स्विंगवर बोलायचे. ‘डोकं खाली. कोपर वर. नजर बॉलवर. अरे, नजर बॉलवर! आता हा वाईटमध्ये टाकू का?’

पहिले दोन दिवस उत्साहाचे. चौथ्या दिवशी भाच्याला पाच पंचविसाला होमवर्क आठवला. सहाव्या दिवशी पोट दुखलं. आठव्या दिवशी साडेपाचला तो बाथरूममध्ये गेला आणि सहाला बाहेर आला. ग्राफ मात्र वरच चालला होता. कारण थकलेला पोरगा बॉल अलगद ढकलायचा, बॉल जाळीत जायचा आणि बाबा ‘चांगला’मध्ये टिक करायचे.

हा पेच सुटला तो कोचमुळे. कोच म्हणजे कुणी पगारी उस्ताद नव्हे. लिटल लीग स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. आमच्या भाच्याचा कोच दिवसा इन्शुरन्स विकतो आणि संध्याकाळी दुसऱ्यांच्या पोरांच्या बुटांच्या लेस बांधतो. प्रॅक्टिसनंतर जीजूंनी त्याला फोनवर शीट दाखवली. त्याने शांतपणे बघितली आणि तीन गोष्टी सांगितल्या. शंभर नको, पंचवीस. तेही पाच-पाचचे सेट, मध्ये श्वास घ्यायला वेळ. आणि तिसरी, ‘तुम्ही फक्त बॉल ठेवा. बोलायचं काम जाळीवर सोडा.’

जाळी खोटं बोलत नाही

ही तिसरी गोष्ट नीट समजून घ्या, कारण टीची सगळी गंमत तिच्यात आहे.

टीवर ठेवलेला बॉल नेहमी त्याच जागी, त्याच उंचीवर असतो. म्हणजे बॉल जाळीत जिथे जाईल, त्याचं कारण एकच असू शकतं, तुमचा स्विंग. पिचर वाकडा नाही, ऊन डोळ्यात नाही, नशीब खराब नाही. बॉल सरळ जाळीच्या मधोमध धाडकन आदळला, तर स्विंग बरोबर. जमिनीकडे गेला, तर बॅट वरून कुऱ्हाडीसारखी पडतेय किंवा मनगटं लवकर वळतायत. आकाशाकडे गेला, तर मागचा खांदा खाली पडतोय. बॉलऐवजी दांड्याला बॅट लागली, तर ‘थप्प’ असा एक ओशाळवाणा आवाज येतो. तो ऐकल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

नऊ वर्षांच्या पोराला हे पाच मिनिटांत कळतं. पण ते त्याचं त्याला कळायला हवं. बाबा सांगतात तेव्हा ती बोलणी असतात. जाळी सांगते तेव्हा ती नुसती माहिती असते.

आता टी ठेवायचा कुठे? बहुतेक घरांत इथेच गडबड होते. पालक बॉल मुलाच्या पोटासमोर ठेवतात. दिसायला ते बरोबर वाटतं, पण खऱ्या खेळात बॅट आणि बॉलची गाठ त्याच्या पुढे पडते. मधून येणाऱ्या बॉलसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत, किंचित पुढे ठेवायचा. अंगाकडे येणाऱ्या बॉलची प्रॅक्टिस असेल, तर आणखी पुढे आणि अंगाजवळ. लांबून जाणाऱ्या बॉलसाठी थोडा मागे आणि पलीकडे. उंची सुरुवातीला कमरेइतकी. मग गुडघ्यापासून छातीपर्यंत बदलत राहायची. टी एकाच जागी ठेवून शंभर स्विंग मारणं म्हणजे एकाच सिग्नलवर गाडी शिकणं!

आणि स्विंग? क्रिकेटवाल्या बाबांसाठी सगळ्यात अवघड हेच. आपली बॅट चपटी आणि चार इंचांहून रुंद. ही गोल, जाड भागातही लिटल लीगच्या नियमानुसार जास्तीत जास्त दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. म्हणजे गोल वस्तूने गोल वस्तूला मारायचं. जरा चुकलं की बॉल भलतीकडे. इथे सरळ बॅटचं कौतुक नाही. आधी छोटंसं पाऊल, मग कंबर वळते, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी हात. आपल्या पुल शॉटचा चुलतभाऊ म्हणा. बॅट मुठीत आवळायची नाही, बोटांत धरायची. दार ठोठावताना जी पेरं वापरतो, ती दोन्ही हातांची साधारण एका ओळीत आली पाहिजेत.

बादलीतल्या पायाचं काय? त्याच्यासाठी ताईने रांगोळीचा डबा काढला. भाच्याच्या टाचांमागे, पिचरच्या दिशेला जाणारी एक सरळ रेघ ओढली. स्विंग झाल्यावर पुढचा पाय रेघेपलीकडे गेला, तर रांगोळी फिसकटते. पुन्हा इथेही तेच. ओरडायची गरज नाही, खाली बघितलं की कळतं. आणि टीवरचा बॉल अंगावर येऊच शकत नसल्यामुळे पाय पळायचं कारणही उरत नाही. भीती काढायला लेक्चर लागत नाही. न घाबरता केलेली तीच हालचाल खूप वेळा लागते.

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी भाच्याने बॅट बाबांपुढे केली. ‘तू मार.’

जीजूंनी स्टान्स घेतला, अगदी लॉर्ड्सवर घ्यावा तसा. बॅट जमिनीवर दोनदा टेकवली. मग दणकून फिरवली. थप्प! दांडा आडवा, बॉल पायाशी. पोरगा हसून हसून बासमतीच्या गोणीवर पडला. मग उठला, डोळे पुसले, टी उभा केला आणि एकदम गंभीर होऊन म्हणाला, ‘बाबा, तुझा शोल्डर ड्रॉप होतोय. बघ, असं.’ पुढची वीस मिनिटं तो बाबांना शिकवत होता. जीजू ऐकत होते. एक्सेल शीट त्या दिवशी उघडलीच नाही, आणि नंतरही कधी नाही.

परफ्युमच्या डबीतला बॉल

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. टी टायमिंग शिकवत नाही. बॉल येताना दिसणं, त्याचा वेग ओळखणं, मारायचा की सोडायचा हे ठरवणं, यातलं काहीही उभ्या बॉलवर येत नाही. नुसत्या टीवर राहिलेला मुलगा प्रॅक्टिसमध्ये वाघ आणि मॅचमध्ये शेळी होऊ शकतो. म्हणून टीनंतरची पायरी असते सॉफ्ट टॉस. मोठ्या माणसाने बाजूला, बॅटच्या टप्प्याबाहेर बसून बॉल अलगद वर उडवायचा आणि मुलाने तो जाळीत मारायचा. यासाठी बाबांना बेसबॉल येण्याची गरज नाही. उलटी बादली आणि तिच्यावर बसायची तयारी पुरते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे समोरून येणारा बॉल. आणि इथे एक मस्त गोष्ट आहे. १९५३ ची. कनेटिकट राज्यातल्या फेअरफिल्डमध्ये डेव्हिड मुलानी नावाचे गृहस्थ राहायचे. त्यांचा धंदा बुडाला होता. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा अंगणात झाडूच्या दांड्याने आणि गोल्फच्या प्लॅस्टिक बॉलने खेळायचा. बॉल वळवायच्या नादात त्याचा हात दुखायला लागला. मुलानींनी परफ्युमच्या पॅकिंगमध्ये येणारे प्लॅस्टिकचे गोल कवच आणले आणि त्यांना वेगवेगळ्या प्रकारे भोकं पाडून बघितली. त्यातलं एक डिझाइन जमलं. अर्ध्या भागाला आठ लांबट भोकं, बाकी अर्धा गुळगुळीत. हा बॉल हात न पिळता आपोआप वळतो, फार लांब जात नाही आणि काचाही फोडत नाही. पोरांच्या भाषेत बॅट हवेत फिरून बॉल हुकला की त्याला ‘व्हिफ’ म्हणत, त्यावरून त्याचं नाव पडलं विफल बॉल. आज अमेरिकेतल्या अंगणाअंगणात तो दिसतो.

मराठीत ‘विफल’ म्हणजे काय हे जीजूंनी भाच्याला समजावून सांगितलं. त्या दिवसापासून घरात कुणाचाही स्विंग हुकला की ‘विफल!’ अशी आरोळी होते. बेसबॉलमुळे पोराच्या मराठीत एका शब्दाची भर पडली, हेही नसे थोडके.

लागला तरी दुखत नाही, हे कळल्यावर भाचा समोरून येणाऱ्या बॉलपुढे उभा राहायला लागला. जीजू वीस फुटांवरून अंडरआर्म टाकायचे. रांगोळीची रेघ आता ड्राइव्ह-वेवर आली होती. शेजारच्या गुजराती काकूंनी ‘आज कोणता सण?’ असं एकदा विचारूनही घेतलं.

शंभरातले चौतीस

‘हे सगळं लहान मुलांसाठी ठीक आहे,’ असं म्हणत असाल तर थांबा. मेजर लीगचे कोट्यधीश खेळाडूसुद्धा मॅचच्या आधी टीवर उभे राहतात. टोनी ग्विन हे नाव लक्षात ठेवा. १९८२ ते २००१, अशी वीस वर्षं तो एकाच टीमकडून, सॅन डिएगो पाड्रेसकडून खेळला. आठ वेळा लीगमधला सर्वोत्तम अॅव्हरेजवाला ठरला. हा माणूस टीचा भक्त होता. व्हिडिओवर स्वतःचा स्विंग बघायचा आणि मग टीवर जाऊन तो घोटायचा.

आणि त्याचं करिअर अॅव्हरेज किती? .३३८. म्हणजे शंभर वेळा मोजली जाणारी बॅटिंग केली, तर साधारण चौतीस वेळा यश. उरलेल्या सहासष्ट वेळा आऊट! १९४१ मध्ये टेड विल्यम्सने .४०६ चं अॅव्हरेज केलं. त्यानंतर मेजर लीगच्या पूर्ण सीझनमध्ये नॅशनल किंवा अमेरिकन लीगमधल्या कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही. म्हणजे या खेळात दहातून चार वेळा जमलं, तर तुमचं नाव ऐंशी वर्षांनंतरही निघतं.

जीजूंच्या शीटमध्ये टार्गेट होतं ऐंशी टक्के. ग्विनचा आकडा मी त्यांना एका रविवारी पोहे खाताना सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे तो सातपैकी सहा वेळा आऊट झाला, तर तसा फार मागे नाहीये.’

गणित थोडं ताणलेलं होतं. पण बाबांच्या तोंडून आलेलं ते त्या सीझनमधलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. भाचा शेजारीच बसला होता.

आता मॅचचं सांगते. होम रन वगैरे काही नाही, हा सिनेमा नव्हे. मेच्या शेवटी एका शनिवारी तो नवव्या नंबरवर बॅटिंगला आला. पहिला बॉल सोडला, स्ट्राइक. दुसऱ्याला पाय जागेवर राहिला, बॅट फिरली, विफल. तिसऱ्याला ‘टण्ण’ असा आवाज आला. बॉल जमिनीवरून घरंगळत थेट सेकंड बेसवाल्याच्या हातात गेला, त्याने पहिल्या बेसवर फेकला, भाचा चार पावलं मागे राहिला. आऊट. स्कोअरबुकात तो आधीच्या सहाइतकाच आऊट. पण तो डगआऊटकडे पळत आला ते हेल्मेट हवेत उडवत! आणि जीजूंचा लॅपटॉप त्या दिवशी गाडीतच राहिला होता.

सीझन संपला तेव्हा ‘मग सोड’ या वाक्याची कुणी आठवण काढली नाही. त्यानेही नाही.

आपलं काय?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अजून मुलं नाहीत, असली तरी बेसबॉल खेळत नाहीत. तरीही हे सांगण्याचं कारण आहे. आपण सगळे दिवसभर कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये जगतो. अप्रेझल, रेटिंग, टार्गेट. आणि संध्याकाळी घरी येऊन तीच शीट आपल्याच माणसांसाठी उघडतो. नवं ड्रायव्हिंग शिकणाऱ्या बायकोच्या शेजारी बसून प्रत्येक गिअरला कॉमेंट. पहिल्यांदा पोळ्या लाटणाऱ्या नवऱ्याला प्रत्येक पोळीमागे मार्क. बाबांना मोबाइल शिकवताना तिसऱ्यांदा विचारलं की सुस्कारा. शिकणाऱ्याला चूक दिसलेली असतेच हो. गाडी बंद पडते, पोळीचा नकाशा होतो, चुकीच्या माणसाला फोन लागतो. त्यात आपल्या आवाजाने नवीन माहिती काहीच मिळत नाही, फक्त साडेपाचला पोट दुखायला लागतं.

तेव्हा या वीकएण्डला घरात कुणी काही नवीन शिकत असेल, तर एक करून बघा. त्याच्यासमोर बॉल ठेवा आणि दोन पावलं मागे व्हा. मोजू नका. तो वळून काही विचारेपर्यंत तुमच्याकडे तुमचा चहा आहेच.

घरी बॅटिंग टी वापरताय?

• जाळी टीपासून सहा-सात फुटांवर लावा. भिंतीवर खरा बॉल मारू नका, तो जोरात परत येतो. जागा कमी असेल तर फोमचे किंवा प्लॅस्टिकचे बॉल वापरा.

• बॅटच्या टप्प्यात कुणीही नको. विशेषतः मागे. धाकटी भावंडं हळूच येऊन उभी राहतात. बॉल ठेवणाऱ्यानेही हात मागे घेऊन ‘ओके’ म्हटल्याशिवाय स्विंग नाही.

• पाच-पाचचे सेट, एकूण पंचवीस-तीस स्विंग. थकलेल्या हाताने मारलेले शंभर स्विंग चुकीची सवय पक्की करतात.

• दर सेटला टीची उंची किंवा जागा बदला.

• मुलाला बॉलच्या मागच्या अर्ध्या भागाकडे बघायला सांगा. बॉल उडाल्यावरही नजर क्षणभर टीवरच राहिली, तर डोकं स्थिर आहे असं समजा.

• बॅट मुलाला एका हाताने आडवी धरून काही सेकंद स्थिर ठेवता आली पाहिजे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठी घेऊ नका, ती काही शाळेचा युनिफॉर्म नव्हे.

• आठवड्यातून एकदा बॅट मुलाकडून मागून घ्या आणि तुम्ही मारा. त्याला शिकवू द्या.